जळाला होता तो दिवा, ऑटोपायलट नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारामतीला वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. सध्या व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर तिच्यापर्यंत पोहोचला, तो तिने मला पाठवला आणि खाली विचारले, "दादा, सगळं यंत्रच करत असेल, तर एवढं कर्ज काढून पोराला शिकवायचं कशाला?" त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: विमान धावपट्टी सोडते तेव्हापासून पुन्हा टेकेपर्यंत सारे ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, करतो, १९७२ साली मायामीजवळ हाच ऑटोपायलट बिघडला आणि शंभरावर माणसे मेली, आता यंत्रे सुधारली आहेत, तेव्हा एक वैमानिक पुरे. एखाद्या आईची झोप उडवणारा मजकूर पडताळणी न करता पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पहिला मुद्दा सरळ चूक आहे. प्रवासी विमानाचे उड्डाण वैमानिक स्वतः करतो आणि ऑटोपायलट त्यानंतर, विमान हवेत वर गेल्यावर जोडला जातो. उतरण्याबाबत थोडे तथ्य आहे, ते मान्य करतो: दिल्लीच्या दाट धुक्यात विमान आपोआप टेकवता येते. पण त्यासाठी विमानतळावर तशी यंत्रणा लागते आणि वैमानिकांनाही त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते; एरवी बहुतेक विमाने हातानेच उतरवली जातात. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थवेस्ट या अमेरिकी कंपनीचे विमान सॅन दिएगोहून मिनिआपोलिसला निघाले होते. दोघेही वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले, तासाहून अधिक काळ जमिनीवरच्या हवाई नियंत्रकांशी बोललेच नाहीत, आणि ऑटोपायलटने विमान ठरलेल्या उंचीवर ठेवून मुक्कामाच्या पुढे शंभरावर मैल नेले. खाली उतरायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून ते उतरले नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो खऱ्या अपघाताचा उलटा अर्थ लावतो. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे ट्रायस्टार जातीचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला आले. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचे सांगणारा हिरवा दिवा लागेना, म्हणून ते एव्हरग्लेड्स या दलदलीच्या दिशेने वळवून ऑटोपायलटवर २,००० फुटांवर ठेवण्यात आले. सहवैमानिक दिव्याची अडकलेली खोबणी सोडवत बसला, मुख्य वैमानिक त्याच्याकडे वळला, आणि फ्लाइट इंजिनिअर, म्हणजे यंत्रांवर देखरेख ठेवणारा कॉकपिटमधला तिसरा माणूस, चाक डोळ्यांनी पाहण्यासाठी कॉकपिटखालच्या कप्प्यात उतरला. याच गडबडीत, बहुधा वैमानिकाचा धक्का लागून, नियंत्रणदांड्यावर दाब पडला आणि उंची धरून ठेवण्याची आज्ञा सुटली. ऑटोपायलट बिघडला नव्हता. त्याच्या रचनेतच असे होते, की दांड्यावर पुरेसा जोर पडला, तर उंची सोडायची आणि विमानाच्या नाकाला मिळालेला नवा कल धरून ठेवायचा. तो कल किंचित खाली होता आणि बाहेर मिट्ट काळोख होता, त्यामुळे कोणालाच काही जाणवले नाही. उंची २५० फुटांनी ढळल्यावर इशाऱ्याचा सूर वाजला, पण तो इंजिनिअरच्या जागेवर, आणि तिथे इंजिनिअर नव्हता. नियंत्रकाला रडारवर ९०० फूट दिसले, तेव्हा त्याने काम कुठवर आले एवढेच मोघम विचारले. विमान दलदलीत कोसळले आणि १७६ जणांपैकी १०१ गेले. चाक मात्र नीट खाली आलेले होते. जळाले होते फक्त दिव्यातले बल्ब.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल याबाबत संदिग्ध नाही: शेवटच्या चार मिनिटांत वैमानिकांनी उपकरणांवर लक्ष ठेवले नाही आणि चाकाच्या दिव्याने त्यांचे ध्यान वेधून घेतले, हे कारण त्यात नोंदवले आहे. आज्ञा सुटल्याची खूण वैमानिकांच्या सहज नजरेत भरेल अशी नव्हती, एवढा दोष यंत्राच्या रचनेला द्यावा लागेल. मजकूर लिहिणाऱ्याला तेवढीच सवलत.

आता एका वैमानिकाबद्दल. ४०१ च्या कॉकपिटमध्ये तिघांचे पथक होते आणि मागच्या जादा आसनावर कंपनीचा देखभाल-तज्ज्ञही होता. एवढी माणसे असूनही उंचीकडे पाहण्याचे काम एकाकडेही सोपवलेले नव्हते. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीच्या १७३ क्रमांकाच्या विमानाचे हेच झाले: चाकांची शंका फेडता फेडता इंधन संपले आणि दहा जण मेले. अशा अपघातांनंतर माणसे कमी करण्याऐवजी कामांची वाटणी कडक करण्यात आली. बिघाड कितीही क्षुल्लक असो, एक वैमानिक फक्त विमान सांभाळतो, दुसरा बिघाड पाहतो आणि पहिल्यावरही लक्ष ठेवतो. ऑटोपायलटला दिलेली प्रत्येक आज्ञा फलकावर वाचून मोठ्याने बोलली जाते. बहिणीचा मुलगा विमान कंपनीत रुजू होण्यापूर्वी त्याच्याकडून हे सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाईल, आणि कर्जाचा काही भाग याच शिक्षणावर खर्च होणार आहे.