राउटरला टपली मारण्यापूर्वी

राउटरला टपली मारल्याने तो सुरू होत नाही. एखादा झालाच, तर त्याचा अर्थ एवढाच की अडॅप्टरची पिन मागच्या सॉकेटात सैल होती आणि धक्क्याने जागेवर बसली. उद्या कोणी जोरात दार आपटलं की ती पुन्हा हलणार. पण टपली मारणाऱ्याला हे पटवून देण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी त्याने दुरुस्ती केलेली असते, आणि त्यानंतर घरात कोणतंही यंत्र रुसलं की तो बाह्या सरसावून पुढे येतो.

वायफाय बंद पडलं की घरात जितकी माणसं तितकी निदानं होतात. एक म्हणतो मोबाइल जुना झाला, दुसऱ्याच्या मते धाकट्याने गेम डाउनलोड करून सगळं नेट संपवलं, आणि तिसरा काहीच न बोलता सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बटण दाबत सुटतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: बिघाडाची जागा सापडल्याशिवाय कशालाही हात लावू नका. जागा आहेत तरी किती? बाहेरून येणारी तार, घरातला डबा (म्हणजे राउटर), आणि डब्यापासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंतची हवा. बस्स.

मोबाइलवर वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही, तेव्हा लोक मोबाइल डोक्याच्या वर धरून घरभर फिरतात. त्याने खांद्याला व्यायाम होतो. त्या कमानी फक्त मोबाइलचं आणि राउटरचं आपापसात किती जमतंय ते दाखवतात. राउटरचं बाहेरच्या जगाशी काय बिनसलंय, याची त्यांना खबरबात नसते. कमानी भरलेल्या असतील तर हवा बहुधा निर्दोष, तारेकडे वळा. आणि लॅपटॉपवर सगळं चालतंय, फक्त एका मोबाइलवर चालत नाही, असं असेल तर राउटरकडे ढुंकूनही पाहू नका. गुन्हेगार तुमच्या हातात आहे.

आता दिवे. फायबरच्या डब्यावर (बाहेरून येणारी काचेची तार ज्यात शिरते तो) चार-पाच बारीक दिवे असतात आणि त्यांच्याकडे घरात कोणी वर्षभर बघत नाही. पॉवर म्हणजे वीज आली. पॉन स्थिर हिरवा म्हणजे पलीकडच्या, कंपनीच्या यंत्राने या डब्याला ओळखलं. तोच लुकलुकत राहिला तर ओळखपरेड अजून चालू आहे. एलओएस हा दिवा विझलेला असणं चांगलं. तो लाल होऊन उघडझाप करू लागला की तारेतून प्रकाश येणंच थांबलंय. मग पासवर्ड बदला, मोबाइल बदला नाहीतर घर बदला, काहीही उपयोग नाही.

प्रकाश का थांबतो? फायबरचा काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाड असतो आणि त्यातला प्रकाश जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून धावतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण दिलं की प्रकाश वळणावर बाहेर गळायला लागतो. घरात टाकायच्या लवचीक जातीला १० किंवा साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं, पण कपाटाचा पाय कोणत्याच जातीला चालत नाही. त्यामुळे लाल दिवा दिसला की आधी आठवून पाहा, आज घरात काय सरकवलं? सोफा, कपाट, टीव्हीचं टेबल? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. झाडूच्या फटक्याने कनेक्टर अर्धवट निघणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. तो रंगीत ठोकळा धरून सरळ दाबा, टक् असा आवाज आला पाहिजे. त्याचा रंग डब्याच्या सॉकेटशी जुळायला हवा, कारण हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं तसं नसतं. हिरव्याच्या जागी निळा बसतो, सिग्नल मात्र बसत नाही. टोकावर फुंकर मारू नका, सदऱ्याला पुसू नका, आणि आत काही दिसतंय का म्हणून डोळ्यासमोर तर मुळीच धरू नका. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा; दिसत नाही म्हणून डोळ्यांना अपाय करत नाही, असं नाही.

दिवे ठीक असतील तर बंद करून चालू करा. हा सल्ला सगळेच देतात आणि बहुतेक सगळेच चुकीचा अमलात आणतात. बटण खाली, बटण वर, दीड सेकंदात कार्यक्रम आटोपला! आतल्या कपॅसिटरमध्ये तेवढ्यात चार्ज शिल्लक असतो, त्यामुळे राउटरला काही झाल्याचं कळतंच असं नाही. अडॅप्टर काढा, ३० सेकंद थांबा, मग लावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा, त्याचा पॉन स्थिर झाला की मग राउटर. एकदम दोन्ही लावले तर राउटर आधी उठतो, पलीकडून उत्तर मिळत नाही म्हणून खट्टू होतो आणि काही राउटर पुन्हा विचारायचे कष्टही घेत नाहीत. सगळं मार्गी लागायला दोन ते तीन मिनिटं जातात. या काळात घरातल्या कोणीही ‘आलं का?’ असं विचारू नये. विचारल्याने लवकर येत नाही.

याने फरक पडतो याचं कारण साधं आहे. राउटर हा बिनपडद्याचा संगणकच. कोणत्या मोबाइलने कुठलं पान मागितलं याची नोंदवही तो मेमरीत ठेवतो आणि महिनोन्‌महिने न झोपता राबतो. मेमरी तुंबली, एखादी प्रक्रिया अडकली, की दिवे सगळे हिरवे आणि काम शून्य. वीज काढली की वही कोरी होते.

वही कोरी करण्याचा दुसरा एक मार्ग मागच्या बाजूला असतो, टाचणी जाईल एवढं भोक. त्यात काडी घालून १० सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. घरातल्या हौशी तंत्रज्ञाला या भोकाचं विलक्षण आकर्षण असतं. रिस्टार्ट आणि रिसेट यांत फरक आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि सांगितलं तर ‘एकच ते’ असं उत्तर मिळतं. एकच कसं? रिसेटने वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय पीपीपीओईचं (कंपनीच्या जोडणीत शिरण्याचं) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीने ठरवलेल्या मार्गाचा) आकडाही जातो. ही माहिती जोडणी करणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी भरलेली असते आणि तुमच्याकडे ती कुठेच लिहिलेली नसते. म्हणजे मघाशी नेट नव्हतं. आता नेटही नाही आणि ते येण्याची सोयही नाही. म्हणून आजच, सगळं सुरळीत चालू असताना, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (नेमका पत्ता डब्याच्या बुडाच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानाचा फोटो काढून ठेवा. बॅकअपची फाइल काढायची सोय असेल तर तीही घ्या. तरीही कोणी रिसेट केलंच, तर नव्याने नाव देताना जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरन्‌अक्षर तसाच द्या. घरातली सगळी उपकरणं आपोआप परत जोडली जातात आणि झाल्या प्रकाराचा बोभाटा होत नाही.

अडॅप्टरवर कोणाचा संशय जात नाही, म्हणून तो जास्त त्रास देतो. राउटर स्वतःच बंद पडून परत सुरू होतो, विशेषतः संध्याकाळी सगळे एकदम जोडले गेल्यावर, तेव्हा शंभरातले बरेचसे लोक कंपनीला शिव्या देतात. आधी अडॅप्टर बदलून पाहा. त्यातला कपॅसिटर म्हातारा झाला की दिवे लावण्यापुरती वीज मिळते, काम करण्यापुरती मिळत नाही. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात: १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट २ अँपिअर बिनधास्त लावा, पण ९ व्होल्टचा नको. पिन बसते हा पुरावा नव्हे. ड्रॉवरमधल्या अनाथ अडॅप्टरांची पिन सगळीकडेच बसते.

मोबाइल ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ वर अडून बसला, किंवा लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःच्या मनाने घेतलाय. नेटवर्क ‘विसरा’ आणि नव्याने जोडा. पासवर्ड टाकताना डोळ्याचं चित्र दाबून अक्षरं बघा, कीबोर्ड पहिलं अक्षर परस्पर कॅपिटल करून मोकळा होतो. राउटरमध्ये मॅक फिल्टर (मॅक म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक; यादीतल्या क्रमांकांनाच आत घेणारी चाळणी) लावलेला असेल तर एक मेख आहे: हल्लीचे मोबाइल प्रत्येक वायफायला वेगळाच बनावट मॅक पत्ता सांगतात, त्यामुळे यादीतला खरा पत्ता कामाला येत नाही. जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ या नव्या प्रकारावर ठेवली आहे का बघा. ते २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांना ते कळत नाही. मिश्र (डब्ल्यूपीए २/३) पर्याय निवडा.

अजूनही पत्ता लागत नसेल तर लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडा. घरातल्यांवर छाप पडते हा वरचा फायदा. आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारा (ping लिहून पुढे पत्ता). उत्तर नाही? मग हवा किंवा केबल. उत्तर आलं तर ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता) करा. तिथे अडलं तर राउटरच्या पलीकडे, तारेच्या बाजूला गडबड. तेही आलं आणि संकेतस्थळाच्या नावाला मात्र उत्तर नाही, तर डीएनएस बिघडलाय: नावावरून पत्ता शोधून देणारा सापडत नाही. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहा. हे तीन पिंग घरातल्या सगळ्या निदानांना पुरून उरतात. हो, लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तरी सुरक्षित पानं उघडत नाहीत. घड्याळावर एक नजर टाका.

राहता राहिली हवा. सुंदर घरात राउटरला लपवतात: टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशाआड. धातू लहरी अडवतो आणि आरशाच्या पाठीला धातूच असतो. अँटेना उभी ठेवली तर लहरी तिच्याभोवती मोटारीच्या चाकातल्या ट्यूबसारख्या आडव्या पसरतात. टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी. म्हणून अँटेनाचं टोक आपल्याकडे रोखून बसणाऱ्याला काही मिळत नाही. वरच्या मजल्यावर हवं असेल तर एखादी आडवी करा. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीपुढे नांगी टाकतं, २.४ गिगाहर्ट्‌झ हळू, पण भिंती ओलांडतं. मात्र तिथे गर्दी आहे, ब्लूटूथही तिथेच आणि मायक्रोवेव्हही. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत. हे माहीत असलेला माणूस मुद्दाम ३ निवडतो, ‘तिथे कोणी नसतं’ म्हणून, आणि १ व ६ दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी एकदम भांडण ओढवून घेतो. ५ गिगाहर्ट्‌झवर ५२ ते १४४ यांतला चॅनेल निवडला तर नाव उगवायला निदान एक मिनिट लागतं, कारण राउटरला आधी जवळपास रडार नाही ना याचा कानोसा घ्यावा लागतो. त्या एका मिनिटात ‘बिघडवलंस!’ म्हणत कोणीतरी काडी शोधायला जातं. काड्या लपवून ठेवा.

जुना राउटर दुसऱ्या खोलीत लावलाय आणि कधी चालतं, कधी नाही, असं होतंय? दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, दोघंही पत्ते वाटत असतील. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल वॅनच्या भोकात नाही, लॅनच्या भोकात घाला. ती केबलही तपासा: तिच्यातल्या आठ तारांपैकी चारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त वेग कायम शंभराखाली अडकतो.

तक्रार करायची वेळ आलीच तर फायबरच्या डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा (येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा) आकडा बघून ठेवा. नेहमीच्या घरगुती फायबर (जीपॉन) जोडणीत तो -८ ते -२७ डीबीएमच्या (हे त्या ताकदीचं एकक) मध्ये हवा. -२७ च्याही खाली गेला तर डब्याला प्रकाश पुरत नाही, आणि दर ३ डीबीला तो निम्मा होतो. हा आकडा फोनवर सांगितला तरी पलीकडून ‘सर, एकदा राउटर बंद करून चालू करा’ हेच येणार. करा. मग आकडा पुन्हा सांगा. माणूस घरी आला की त्याला पॉवर मीटर आधी बाहेरून येणाऱ्या तारेला लावायला सांगा, मग आतल्या छोट्या पॅचकॉर्डच्या (डब्याला जोडणाऱ्या तारेच्या) टोकाला. दोन्हींत मोठा फरक निघाला तर पॅचकॉर्ड किंवा मधला जोड बदलून काम भागतं. आकडा -२० च्या आसपास आला की उरलेल्या तारेचं वेटोळं मोठं ठेवायला लावा, आणि कपाट परत सरकवताना भिंतीशी चार बोटं जागा सोडा.