खुलासा : स्मरणिका प्लेट गाडीला नाही, भिंतीला

टेक्सासमधल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय : ‘मोटार वाहन विभागाकडूनच मिळालेली स्मरणिका प्लेट (सूव्हेनिर, म्हणजे आठवण म्हणून ठेवायची नंबर प्लेट) पुढच्या बंपरवर लावली तर चालते, मागे खरी असली की झालं.’ हे चूक आहे.

अशी प्लेट विभाग खरोखर देतो, तेवढंच त्यात खरं. पण तिथल्या वाहतूक संहितेचं कलम ५०४.००९ स्पष्ट सांगतं : ती मोटारीवर वापरायची नाही, मोटारसायकलवरही नाही. ती नोंदणीचा पुरावा धरली जात नाही. पोलिसांना ओळखता यावी म्हणून तिच्यावर तशी खूण असते.

घोळ कुठून झाला असावा, तर फ्लोरिडा, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनियात फक्त मागे प्लेट लागते. तिथून कुणी ह्यूस्टनला राहायला आलं की पुढची जागा मोकळीच समजतं. टेक्सासात मात्र प्रवासी गाडीला पुढे-मागे दोन्ही प्लेटा लागतात, आणि पुढची नसेल तर दंड होतो.

‘पुणे’ लिहिलेली प्लेट हौसेने मागवलीत? दिवाणखान्यात लावा, छान दिसेल. आणि तो मेसेज ज्यांना पुढे पाठवलात, त्यांना कृपया हेही कळवा.