राशीवरून पुस्तकाचे स्वरूप ठरते काय? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडील मराठी वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा येत आहे. त्यात जन्मतारखेवरून आपली रास शोधावयास सांगितले आहे आणि त्या राशीच्या माणसाला कोणत्या स्वरूपातले पुस्तक आवडते, हेही ठरवून दिले आहे. मेषेचा वाचक उतावळा, म्हणून त्याला ई-पुस्तक. वृषभेला स्पर्शाचे सुख प्रिय, म्हणून पुठ्ठा बांधणी. धनूला भटकंतीची ओढ, म्हणून श्राव्य पुस्तक. मकर काटकसरी, म्हणून स्वस्त पेपरबॅक. हे आपल्या ऋषिमुनींचे शास्त्र असून सर्वांना तंतोतंत लागू पडते, अशी पुस्तीही शेवटी जोडलेली आहे. मजकुराखाली ‘अगदी खरे’ असे शेरे पडत आहेत आणि वाचनालयाने पुस्तक खरेदी करताना याचा विचार करावा, अशी सूचनाही कोणी कोणी करू लागले आहे. म्हणून त्यातील दावे एकेक करून तपासणे भाग आहे.

आधी ऋषिमुनींचे पाहू. या मजकुरात मेष रास 21 मार्चला सुरू होते. आपल्या भिंतीवरचे कालनिर्णय किंवा घरातले दाते पंचांग उघडले, तर सूर्य मेषेत जातो तो 14 एप्रिलच्या सुमारास. हा फरक छपाईच्या चुकीचा नसून दोन निरनिराळ्या पद्धतींचा आहे. पाश्चात्त्य पद्धत राशीचा आरंभ वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या स्थानापासून मोजते, आपली निरयण पद्धत ताऱ्यांच्या आधाराने मोजते, आणि संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकत असल्यामुळे या दोहोंत आज जवळजवळ 24 अंशांचे अंतर पडले आहे. एक रास 30 अंशांची, तेव्हा हा मजकूर वाचणाऱ्या पाचांपैकी चौघांचा सूर्य पंचांगाप्रमाणे आदल्याच राशीत आहे. शिवाय आपल्याकडे माणसाची रास म्हणजे चंद्ररास. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो, त्यामुळे ती केवळ तारखेवरून कळत नाही. जन्मवेळ पाहावी लागते. त्यातच अनेक घरांत पत्रिकेतल्या अक्षरावरून ठेवलेले नाव एक, हाक मारण्याचे दुसरे, आणि नावरास म्हणून तिसरीच रास चालू असते. अशा माणसाने पुठ्ठा बांधणी घ्यावी, मोबाईलवर वाचावे की कानाला यंत्र लावावे, हे त्या मजकूरकर्त्यानेच सांगितलेले बरे.

तारखेवरून रास सांगण्याची ही रीत लोकप्रिय झाली ती वर्तमानपत्रांमुळे. 1930 साली इंग्लंडमधील ‘संडे एक्सप्रेस’ने राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर यांच्याकडून भविष्य लिहून घेतले. ते वाचकांना आवडले आणि पुढे त्यातून बारा राशींचे सदर सुरू झाले. जन्मवेळ विचारावी लागत नाही आणि सारे वाचक बारा खणांत बसतात, ही सोय संपादकांना मानवली. तिचे श्रेय पराशर ऋषींना देण्याचे कारण नाही.

‘तंतोतंत लागू पडते’ हा दुसरा दावा. तो प्रामाणिकपणे केला जातो, म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे. 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिले होते, आणि त्यातील वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. आता आपल्या मजकुरातले वृषभेचे वर्णन पाहा: ‘यांना पुस्तक हातात घेऊन वाचायला आवडते, पण सोयीसाठी ते कधी कधी मोबाईलवरही वाचतात.’ हे वाक्य ज्याला लागू पडणार नाही असा वाचक येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत शोधून दाखवावा. राशींची नावे झाकून ही बारा वर्णने घरातल्यांपुढे ठेवावीत आणि आपले वर्णन ओळखावयास सांगावे, म्हणजे शेरे देणाऱ्यांचा उत्साह ओसरेल.

काही जण म्हणतील की मजकूर उथळ असला, तरी पत्रिकेवरून स्वभाव आणि बुद्धी कळतेच. याची तपासणी परदेशात झाली आहे. 1985 साली शॉन कार्लसन यांचा प्रयोग ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात ज्योतिषांना तीन स्वभाववर्णनांतून पत्रिकेशी जुळणारे वर्णन योगायोगापेक्षा अधिक वेळा निवडता आले नाही. पण आपल्याला अधिक जवळचा प्रयोग महाराष्ट्रातला आहे. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक सहभागी ज्योतिषाकडे त्यांतील 40 पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. उत्तरे पाठवणाऱ्या 27 जणांची अचूकता सरासरी 46 टक्के निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. जिथे इतका ठळक फरक पत्रिकेत दिसत नाही, तिथे पेपरबॅकची आवड दिसेल, ही अपेक्षा फारच झाली.

मूळ प्रश्न मात्र खरा आहे: माणसे निरनिराळ्या स्वरूपांतली पुस्तके का निवडतात? ही स्वरूपे जन्माला आली तीच गरजेपोटी. इंग्लंडमध्ये 1935 साली पेंग्विनने सहा पेन्सांत पेपरबॅक आणले ते किमतीसाठी. त्याच वर्षी तिथे बोलकी पुस्तके सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या विचाराने. आपल्याकडेही कारणे अशीच रोकडी आहेत. वाचनालयात येणारा वयस्क सभासद पुस्तक मध्यावर उघडतो, हात लांब करून टाईप पाहतो आणि अक्षर बारीक असेल तर निमूटपणे परत ठेवतो. चाळिशी बाराही राशींना लागते, आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते म्हणून असे काही जण ई-पुस्तकाकडे वळतात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पुठ्ठ्याच्या कडांवर बुरशी धरते, डिंकाने चिकटवलेली पाने सुटू लागतात. तिथला वाचक पुस्तके जमवण्यापूर्वी कपाटाचा विचार करतो.

श्राव्य पुस्तकाचे सीमाभागातले कारण तर कोणत्याही राशिफलात सापडणार नाही. इथली अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी अक्षरे त्यांना ओळखता येतात, पण जोडाक्षरे सोडवत तीनशे पानांची कादंबरी वाचण्याची सवय नसते. तीच कादंबरी कानावर पडली, की एकही वाक्य अडत नाही. धनूची भटकंती इथे कुठे आली? वाचनालयाने खरेदीपूर्वी काही विचारायचेच असेल, तर शाळेचे माध्यम, चष्म्याचा नंबर आणि घरातली ओल विचारावी.

तरीही ज्यांना हा दावा खरा वाटतो, त्यांच्यासाठी पडताळणी अवघड नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे मराठी साहित्य संमेलने भरतात आणि मांडवाबाहेर पुस्तकांची दुकाने लागतात. तिथे येणाऱ्यांना आधी आवडते स्वरूप विचारून लिहून घ्यावे, जन्मतारीख त्यानंतरच विचारावी, आणि राशीचे नाव शेवटपर्यंत काढू नये. कारण आपल्या राशीचे गुण ठाऊक असलेला माणूस स्वतःचे वर्णन त्या गुणांना धरून करतो, हे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांच्या अभ्यासाच्या निमित्ताने पुढे आलेले आहे. मग मजकुरातल्या बारा ओळींशी ताळा करून जुळलेल्या आणि न जुळलेल्या अशा दोन्ही नोंदी त्याच गटांवर टाकाव्यात.