पहिली ओळ बदलून बघा म्हणे!

परत तेच! नाशिकमधल्या द्राक्ष बागायतदारांच्या नोंदींची एक्सएमएल फाईल (खुणा घालून मांडलेली माहिती) येते, ती वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, शेवटच्या नोंदीवर आडवा होतो आणि पलीकडून फोन: "साहेब, आमच्याकडे नोटपॅडमध्ये तर बरोबर दिसतंय."

दिसणारच हो! पण यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये (संगणकाच्या साठवणीच्या एककात) लिहायच्या पद्धतीत, एन्कोडिंगमध्ये, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळ्यांचे वेगळे. 'नाशिक'चेच १५ होतात. 'पिंपळगाव बसवंत' तर मधल्या जागेसकट ४०. आणि तुमच्या डेटाबेसमध्ये गावाचा रकाना ३० बाइटचा! मग 'बसवंत'मधला 'स' दोन बाइटवर तुटतो. अर्धं अक्षर! एक्सएमएलचा नियम स्पष्ट आहे: जाहीर केलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणारा बाइट सापडला की ती घातक चूक, पुढचं नेहमीसारखं वाचत राहायचं नाही. पार्सर शहाणाच आहे.

यावर उपाय काय सुचवतात? "फाईलच्या पहिल्या ओळीत, जिथे एन्कोडिंग जाहीर करतात, तिथे यूटीएफ-८च्या जागी आयएसओ-८८५९-१ (एका बाइटला एक अक्षर मानणारं, युरोपीय भाषांचं एन्कोडिंग) टाका, एरर जाते." जाते ना! बारदानावरची पाटी बदलली की आत कांद्याची द्राक्षं होतात, तसंच! त्या एन्कोडिंगला कुठलाही बाइट चालतो, म्हणून पार्सर गप्प बसतो आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या नावांची बिनबोभाट भेळ होते.

दुसरे महाभाग त्याहून थोर. न कळलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं भरून डेटाबेसमध्ये सेव्ह करतात. आता त्यातून 'दिंडोरी' कोणी आणि कशी शोधायची?

रकाना मोठा करा. बाइटमध्ये नाही, चिन्हांत मोजून, काना-वेलांटी धरून. हे मेलवर कितीदा लिहायचं?