11 महिन्यांचा भाडेकरारही रजिस्टर करावाच लागतो
भाड्याने घर घेण्यावरच्या या लेखात डिपॉझिट, ब्रोकरेजचं नीट सांगितलंय पण एक राहिलं. 11 महिन्यांचाच करार आहे मग रजिस्टर कशाला, असं घरमालक सर्रास सांगतात, महाराष्ट्रात ते चालत नाही हो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 बघा, करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच आणि ती जबाबदारी मालकाची. आम्ही कोथरूडला नुसत्या नोटरीवर राहिलो, सोडताना भिंतीची ओल आमच्या माथी मारून डिपॉझिटमधून 18000 कापले, ओल आधीपासूनच होती, कपाट सरकवल्यावर दिसलेली पण फोटोच नव्हता काढला. किल्ली मिळाली की सामान आत न्यायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा आणि मालकाला लगेच व्हॉट्सअ‍ॅप करा, लाईटचं मीटर रीडिंग पण घ्या त्यात.