एक टक्का कशाचा?

८५ लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे ८५ हजार रुपये. कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीतला टू बीएचके घेताना दलालाने आमच्याकडे इतके मागितले आणि विकणाऱ्या काकांकडून तेवढेच वेगळे. दोन्हीकडून मिळून १ लाख ७० हजार. आता मला कुणीतरी सांगा, या माणसाने काम काय केलं? कुलूप उघडून दिवे लावले आणि "मॅडम, व्हेंटिलेशन बघा" म्हणाला. त्यापुढचं एकूण एक काम आम्ही दोघांनी ऑफिसमधून रजा टाकून केलंय.

सुरुवातच खोट्याने. जाहिरातीत ९५० स्क्वेअर फूट. करारनामा मागितला तर "देतो, देतो" करत टाळत राहिला. शेवटी काकांकडूनच झेरॉक्स घेतली, त्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, ६१० निघाला. विचारलं तर म्हणे ९५० हा सेलेबल, म्हणजे जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेला आकडा, सगळे असंच बोलतात. सगळे बोलतात म्हणून ते खरं होतं का? बिल्डर आणि दलालांवर लक्ष ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यालाही आता इतकी वर्षं झाली, तरी हे लोक रिसेलमध्ये सेलेबलचाच आकडा तोंडावर फेकतात.

आणि बोलायची पद्धत! होम लोन माझ्या पगारावर, पहिलं नाव माझं, भाव मी केलेला. तरी दर वेळी फोन नवऱ्याला. फ्लॅट दाखवताना मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही किचन बघून घ्या, तोवर सरांशी व्यवहाराचं बोलतो." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पैसे मी देणार, वीस वर्षं हप्ते मी फेडणार आणि मी किचनची फरशी बघत बसू?

मग विसाराची गोष्ट. विसार पावती करायची ठरली तर हा म्हणतो, दोन लाख रोख द्या, काकांना सोयीचं पडेल. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ जून २०१५ पासून बंदी आहे आणि जो घेतो त्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे हा ज्यांची सोय बघत होता त्या काकांनाच अडकवत होता. हे त्याला माहीत नसेल तर तो या धंद्यात कशाला बसलाय? आणि माहीत असेल तर मग बोलायलाच नको. टीडीएसचं, म्हणजे किमतीतून आधीच कापून सरकारला भरायच्या कराचंही तेच. "ते विकणारा बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." साफ चूक! ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात एक टक्का कापून भरायची आणि त्याचा फॉर्म द्यायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लेट फी, तीही घेणाऱ्याच्याच बोकांडी. याच्या भरवशावर राहिलो असतो तर नोटीस माझ्या पॅनवर आली असती, त्याच्या नाही.

दलालाचं एक वेळ समजू शकते, शिक्षणाची अट नाही, कुणीही उठून होतो. पण वकील? काळा कोट, भिंतीवर सनद, आधी पूर्ण फी. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकी कुणाची ते सांगणारा अहवाल द्यायचा आणि करारनाम्याचा मसुदा करायचा एवढंच काम होतं. फोन उचलायचा नाही, मेसेज वाचूनही उत्तर द्यायचं नाही, ऑफिसला गेलं की "साहेब कोर्टात आहेत". खूप मागे लागल्यावर एकदाचा रिपोर्ट आला. तिसऱ्या पानावर सर्व्हे नंबर आमचा नाही, सोसायटी दुसरीच, मजलाही चुकीचा. कुणा दुसऱ्या अशिलाचा रिपोर्ट उघडून त्यात आमची नावं घातलेली, आणि मधलं एक पान बदलायचं राहिलेलं. शेवटी मात्र ठसठशीत अक्षरांत, टायटल क्लिअर अँड मार्केटेबल, म्हणजे मालकी निर्वेध आहे, खुशाल घ्या. खाली सही-शिक्का.

क्लिअर? जुना इंडेक्स टू, म्हणजे काकांच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मी स्वतः काढला होता. त्यात खरेदीदार म्हणून दोन नावं आहेत, काका आणि त्यांची बायको. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. काका नॉमिनी होते म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर केलं. तेवढा एक कागद बघून वकिलाने काकांना एकटे मालक ठरवून टाकलं. अहो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आता बँकेच्या काउंटरवरचा माणूससुद्धा सांगतो! काकूंनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या हिश्शात काकांबरोबर मुलगा आणि मुलगी दोघंही वारस. मुलगा पुण्यातच असतो, मुलगी परदेशात. दोघांचं हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर करारनाम्यावर दोघांच्या सह्या तरी. मी इंडेक्स टू वकिलापुढे ठेवला तर म्हणतात, "असं बघायला गेलं तर कुठलाच व्यवहार होणार नाही." मग सर्च म्हणजे नेमकं काय शोधलंत? पुढच्याच आठवड्यात बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाने नेमकी हीच हरकत काढली आणि कर्जाचा चेक अडकला. त्या वकिलाची फीसुद्धा बँकेने माझ्याकडूनच घेतली, पण त्यांचा रिपोर्ट मला बघायला मिळणार नाही, तो बँकेचा अंतर्गत कागद.

त्या मुलीने सुट्टी काढून, लांबच्या शहरातल्या भारतीय वकिलातीत जाऊन भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. बिचारीचा काही दोष नसताना. त्या सगळ्या काळात दलाल काय करत होता? काकांना फोन करून सांगत होता की पार्टी ढिली आहे, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, दोन लाख जास्त देईल. हे मला काकांनीच सांगितलं. काका सज्जन म्हणून दिल्या शब्दाला जागले. मी जाब विचारला तर कानावर हात. वकिलाला विचारलं तर दलालाने कागद पूर्ण दिले नाहीत, दलालाला विचारलं तर लीगलचं वकील बघतात. या टोलवाटोलवीत घरभाडं माझं चालू आणि विसाराचे पैसे माझे अडकलेले.

सगळ्यात जास्त चीड पुढच्या गोष्टीची. करारनाम्यात घेणारे म्हणून माझं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं वकिलाने घातली, मुद्रांक शुल्काचं चलनही त्यांच्याच ऑफिसने भरलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर डेटा एंट्री करणारा मुलगा सहज म्हणाला, ताई, एकट्या तुमच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला असता. महाराष्ट्रात ही सवलत २०२१ पासून आहे. आमचं दोन नावांवाचून काही अडत नव्हतं, नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकला असता. पुण्यात सात टक्क्यांनी ५ लाख ९५ हजार भरले, ते ५ लाख १० हजारांत झालं असतं. ८५ हजारांचा फरक! फी घेणाऱ्या वकिलाने एका शब्दाने विचारलं नाही, दलाली मागणाऱ्यानेही नाही.

तक्रार करायची तर कुठे? दलालाच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर झोकात छापलाय. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. पण ते सगळं रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरतं, नव्वदच्या दशकातल्या इमारतीतला रिसेल त्यात बसतच नाही. वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जावं तर मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. उरली बार कौन्सिल, म्हणजे वकिलाची तक्रार वकिलांकडेच. तरी मी ती करणार आहे. चुकीच्या सर्व्हे नंबरचं ते तिसरं पान जोडूनच.

परवा दलालाचा फोन आला, उरलेली दलाली कधी देताय म्हणून. या वेळी बरोबर माझ्याच नंबरवर. मी सांगितलं, चेकने देईन, तुमच्या सही-शिक्क्याची पावती आणा. तर म्हणे, पावती-बिवती नसते मॅडम, हा विश्वासाचा धंदा आहे, कॅशमध्येच द्या. एक रुपयाही कॅशमध्ये मिळणार नाही. कुठल्या कामाचे किती पैसे, हे लेखी घेऊन या, मग बोलू.