क्लच म्हणजे पाय टेकायची जागा नव्हे!

किती वेळा सांगायचं? क्लचच्या पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका! नुसत्या पायाच्या भारानंही क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग झिजत राहतं, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड ढिली पडते आणि क्लच प्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, घासून जळतं. बोरघाटात ट्रॅफिक तुंबलं की हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायची आणि जळका वास आला की कंपनीच्या नावानं शिमगा. अरे, हँडब्रेक कशाला दिलाय?

तीच गत गॅरेजवाल्यांची. पिकअप नाही म्हटलं की आधी इंजेक्टर साफ, मग स्पार्क प्लग नवे. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच सरकतोय, इंजिनची ताकद चाकांपर्यंत पुरती पोचत नाही! खात्री करायची? सपाट मोकळी जागा, हँडब्रेक घट्ट, तिसरा गिअर, २००० आरपीएम, क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, सुरूच राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करा, सारखं केलं तर चांगली प्लेटही जळेल.

सगळ्यात चीड येते ती पैसे वाचवायला नुसती प्लेट बदलण्याची. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच! गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तर तेवढीच लागते. पुढे बेअरिंग किरकिरलं की पुन्हा गिअरबॉक्स खाली. उतरवलाच आहे तर फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट टेकते त्या इंजिनच्या जड चाकावर, तापल्याचे निळे डाग, चरे आहेत का बघा. क्रँकचा (इंजिनच्या फिरत्या दांड्याचा) मागचा, तेल अडवणारा ऑइल सील पाझरत असेल तर तोही बदला, नाहीतर तेल लागून नवी कोरी प्लेटसुद्धा सरकायला लागते.